परत येणाऱ्या पिशव्या

डिसेंबर महिना लागला, की आमच्या शेजारच्या मावशींच्या घरातून शिवणयंत्राचा खडखडाट ऐकू येई. तेव्हा आम्ही वसईला राहत होतो आणि मी सातवीत शिकत होते. मावशींच्या घरी नाताळची तयारी चालू असे. दारात कागदाची चांदणी लावायची, गोठ्याचा देखावा करायचा, गोडधोड करायचे, अशी कितीतरी कामे असत. तरी त्या रोज दुपारी तासभर यंत्रावर बसत आणि पिशव्या शिवत. लहान, मोठ्या, लांबट, चौकोनी. त्यांतली एकही पिशवी बाजारात न्यायची नसे. त्या साऱ्या पिशव्या नातवंडांच्या भेटवस्तूंसाठी असत.

नाताळ हा येशू ख्रिस्तांच्या जन्माचा सण. तो २५ डिसेंबरला असतो. 'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. या सणाला घरातल्या मुलांना भेटी देण्याची रीत पुष्कळ देशांत आहे. भेट आधी दिसता कामा नये, हीच त्यातली गंमत. म्हणून ती झाकून ठेवावी लागते. बहुतेक लोक ती रंगीत, चकचकीत कागदात गुंडाळतात. मावशी मात्र ती कापडी पिशवीत घालत. नाताळच्या सकाळी मुले नाडी सोडत, आतली वस्तू काढत आणि रिकामी पिशवी आजीच्या हातात परत देत. पुढच्या वर्षी त्याच पिशवीतून दुसऱ्याच कोणाला तरी दुसरेच काहीतरी मिळे.

मला हा आधी कंजूषपणा वाटला. मी तसे बोलूनही दाखवले. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "अगं, भेटीवरचा कागद फाडायला किती वेळ लागतो?"

"एक मिनिटसुद्धा नाही," मी म्हणाले.

"आणि मग त्या कागदाचे काय होते?"

मला उत्तर देता आले नाही. तुम्हांला देता येईल का?

साधा कागद रद्दीवाल्याकडे जातो. तेथून तो कारखान्यात जातो. कारखान्यात त्याचा पाण्यात लगदा करतात आणि त्या लगद्यापासून पुन्हा कागद बनवतात. कागद म्हणजे झाडातील बारीक तंतूंची दाबून केलेली पातळ वीण. दर खेपेला हे तंतू तुटून आखूड होतात. त्यामुळे पाच ते सात खेपांनंतर ते कागदाच्या उपयोगाचे राहत नाहीत. पण निदान तेवढ्या खेपा तरी होतात. भेटवस्तूंच्या चकचकीत कागदाला ही संधी बहुधा मिळत नाही. त्याच्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. कधी चंदेरी वर्ख असतो, कधी चमकी चिकटवलेली असते. हे पाण्यात विरघळत नाही, लगद्यात तसेच राहते. शिवाय त्या कागदाला जागोजागी चिकटपट्टी लागलेली असते. म्हणून असा कागद रद्दीवाला घेत नाही आणि तो कचऱ्याच्या ढिगात जातो.

आपल्याजवळचा कागद कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. कागद मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला, तर तो साधा कागद. गोळा आपोआप उलगडू लागला, तर त्यात प्लास्टिक आहे असे समजा. चमकी लावलेला कागद मात्र या परीक्षेत पास झाला तरी रद्दीच्या कामाचा नाही.

तुम्हांला वाटेल, की रंगीत कागदाची ही रीत फार जुनी असेल. तसे नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत भेटवस्तू पांढऱ्या, लाल किंवा हिरव्या पातळ कागदात गुंडाळत. १९१७ साली नाताळच्या सुमारास कॅन्सस सिटी या शहरात हॉल बंधूंच्या दुकानातला हा पातळ कागद संपला. तेव्हा त्यांनी लिफाफ्यांच्या आतून लावण्यासाठी फ्रान्समधून आलेले छापील नक्षीचे कागद काढून विकायला ठेवले. ते हातोहात खपले. पुढे त्यांनी असे कागद स्वतःच छापायला सुरुवात केली. ही हॉल बंधूंची कंपनी म्हणजेच आजची हॉलमार्क कंपनी. पारदर्शक चिकटपट्टीसुद्धा त्यानंतर, म्हणजे १९३० साली बाजारात आली. त्याआधी पुडक्याला दोरा बांधत किंवा लाख लावत.

भेटीची पिशवी मात्र या कागदापेक्षा कितीतरी जुनी आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे एक धर्मगुरू होते. ते गाव आजच्या तुर्कस्तानात आहे आणि त्याला आता देम्रे म्हणतात. निकोलस यांच्याबद्दल एक कथा सांगतात. त्यांच्या गावात एक गरीब मनुष्य होता. त्याला तीन मुली होत्या. त्यांच्या लग्नाला लागणारा पैसा त्याच्याजवळ नव्हता. उघडपणे मदत केली तर त्या घराला लाज वाटेल, म्हणून निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची पिशवी आत टाकली. असे त्यांनी तीन वेळा केले. युरोपातील जुन्या चित्रांत निकोलस यांच्याजवळ पुष्कळदा तीन पिशव्या किंवा सोन्याचे तीन गोळे दिसतात, ते याच कथेमुळे. हॉलंडमध्ये या निकोलसना 'सिंटरक्लास' म्हणू लागले. पुढे अमेरिकेत त्याचेच 'सांताक्लॉज' झाले. त्याच्या पाठीवरचे पोते तुम्ही चित्रांत पाहिलेच आहे.

कापडात वस्तू बांधून देण्याची चाल इतरही देशांत आहे. जपानमध्ये चौकोनी कापडात वस्तू गाठी मारून बांधतात. त्या कापडाला फुरोशिकी म्हणतात. २००६ साली जपानच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी, प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी फुरोशिकी वापरा, असे लोकांना आवाहन केले होते. कोरियात लहानलहान तुकडे जोडून असे रुमाल करतात. आणि आपल्याकडे? आपल्याकडे गाठोडे आहे, बटवा आहे, आजीची चंची आहे. तुमच्या घरी कुराणशरीफ ज्या कापडी जुझदानात ठेवतात, तेही एक प्रकारची पिशवीच की.

आता मावशींची पिशवी कशी तयार होई ते पाहू. त्यांनी मला ती शिकवली, म्हणून मी ती तुम्हांला सांगू शकते.

आधी वस्तू मोजायची. समजा, एक खोका आहे. तो २० सेंटिमीटर रुंद, ८ सेंटिमीटर जाड आणि २५ सेंटिमीटर उंच आहे. पिशवीची रुंदी म्हणजे खोक्याची रुंदी अधिक जाडी, म्हणजे २८. वस्तू सहज आत-बाहेर व्हावी म्हणून त्यात ४ मिळवायचे. झाले ३२. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दीड सेंटिमीटर कापड जाते, म्हणून कापायचे ३५. उंचीचेही असेच. खोक्याची उंची अधिक जाडी म्हणजे ३३. वर नाडीच्या जागेसाठी ३ आणि आत दुमडण्यासाठी आणखी ४. हे झाले ४०. पिशवीच्या तळाला शिवण न घालता कापड तेथे नुसते दुमडायचे असते. म्हणून लांबी याच्या दुप्पट, म्हणजे ८० सेंटिमीटर घ्यायची. थोडक्यात, ३५ रुंद आणि ८० लांब अशी एकच पट्टी कापायची. तळाला शिवण नसली, की तेथे पिशवी उसवण्याची भीतीच नाही. सारे वजन तळावर येते, हे लक्षात घ्या.

कापड कापताना धाग्याची दिशा पाहायची. तुमच्यापैकी जे मालेगावला किंवा भिवंडीला राहतात, त्यांनी यंत्रमाग पाहिलेलाच आहे. मागावर जे धागे उभे ताणलेले असतात ते ताण्याचे, आणि जे आडवे विणले जातात ते बाण्याचे. उर्दूतला तुमचा 'ताना-बाना' तो हाच. ताण्याचे धागे जास्त पीळदार आणि बळकट असतात, कारण मागावरचा ताण त्यांनाच सोसावा लागतो. ते पिशवीच्या उंचीच्या दिशेने आले पाहिजेत. म्हणजे वजनाने पिशवी लोंबत नाही.

मग पट्टी सुलट बाजू आत घेऊन दुमडायची आणि दोन्ही बाजू कडेपासून दीड सेंटिमीटरवर शिवायच्या. मात्र वरचे ८ सेंटिमीटर शिवायचे नाहीत. ती फट नाडीसाठी हवी. फट जेथे सुरू होते तेथे यंत्र दोन-तीन टाके मागेपुढे चालवायचे, कारण नाडी ओढताना सारा जोर त्याच जागी येतो. यंत्र नसेल तर हाताने शिवता येते. पण साधा धावदोरा घालू नका. धावदोऱ्यात सुई नुसती पुढे पुढे जाते. दोरा एका जागी तुटला, की तो पुढे सरकत जातो आणि शिवण सुटते. उलटी टीप घाला. तीत सुई दर टाक्याला थोडी मागे येऊन मग पुढे जाते. त्यामुळे प्रत्येक टाका मागच्या टाक्याला धरून राहतो. याला वेळ दुप्पट लागतो, आणि मला तर याचा फार कंटाळा येई.

त्यानंतर फटीच्या कडा आत दुमडून शिवायच्या. मग पिशवीची वरची कड आधी १ सेंटिमीटर आणि मग ३ सेंटिमीटर आत दुमडायची आणि दुमडीच्या खालच्या कडेला टीप मारायची. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी शिवायची, एकत्र नाही. अशा रीतीने वर कापडाची एक पोकळ नळी तयार होते. तिला नेफा म्हणतात.

हा शब्द तुम्हांला नवा नाही. सलवारीची नाडी ज्यातून जाते त्याला तुम्ही घरीही नेफाच म्हणता. शिवणकामाच्या पेटीत उर्दू आणि मराठी अशा शेजारी-शेजारी नांदतात. अस्तर, रफू, गज, मखमल, अंगुस्तान हे शब्द मराठीत फारसीतूनच आले आहेत. मराठीच्या तासाला अवघड शब्दांचे अर्थ विचारणाऱ्या मला मावशींच्या यंत्राजवळ बसले, की एकही शब्द अडत नसे.

शेवटी नाडी. प्रत्येकी ८५ सेंटिमीटरच्या दोन नाड्या घ्यायच्या. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती नेफ्यात सरकवायची. एक नाडी उजवीकडून आत घालून, दोन्ही नेफ्यांतून फिरवून उजवीकडेच बाहेर काढायची. दुसरी तशीच डावीकडून. टोकांना गाठी मारायच्या. आता दोन्ही नाड्या विरुद्ध दिशांना ओढा. पिशवीचे तोंड बंद!

माझी पहिली पिशवी अशी बंद झाली नाही, कारण तिचे तोंड उघडतच नव्हते. नेफ्याची टीप मारताना मी पुढची आणि मागची बाजू एकत्र शिवून टाकली होती. सगळे उसवावे लागले. दुसरी पिशवी मी लाल कापडाची शिवली. ती दिसायला इतकी सुंदर झाली, की मावशींनी तीत धाकट्या नातीची बाहुली ठेवली. त्या रात्री खिडकीतून दव आले आणि पिशवी दमट झाली. सकाळी बाहुलीच्या पांढऱ्या झग्यावर गुलाबी डाग! ती मुलगी रडली नाही, पण मला मात्र रडू आले. मी कापड आधी धुऊन घेतले नव्हते. नवे सुती कापड शिवण्यापूर्वी पाण्यात भिजवायचेच. त्याचा जादा रंग निघून जातो आणि त्याला जे आटायचे असते तेही आधीच आटते. न धुता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आखडते आणि शिवणीजवळ चुण्या पडतात.

आणखी एक परीक्षा मावशी करत. पिशवीत हात घालून ती उजेडासमोर धरत. बोटे दिसली, तर कापड पातळ. मग आतून अस्तर लावायचे. एरवी मुलांना सगळे आधीच कळणार! आणि तीन वर्षांहून लहान मुलाच्या पिशवीला त्या नाडी मुळीच लावत नसत. नाडी गळ्यात अडकू शकते. त्या पिशवीवर टिकल्या नाहीत, मणी नाहीत, बटण नाही, कारण अशी मुले सगळे तोंडात घालतात. पाकिटासारखी झडप करून त्या ती नुसती आत खोचून ठेवत.

मात्र पिशवी शिवली म्हणजे काटकसर झाली, असे समजू नका. कापूस शेतात पिकतो. त्याला पाणी लागते, खत लागते. कताई, विणाई आणि रंगाई यांनाही पाणी आणि वीज लागते. दुकानातून नवे कापड आणून पिशवी शिवली आणि ती एकदाच वापरून फेकली, तर त्यापेक्षा साधा कागद परवडला. म्हणून मावशी नवे कापड विकत आणत नसत. शाळेच्या गणवेशातून उरलेले निळे-पांढरे तुकडे, जुन्या पडद्याचा चांगला भाग, विरलेल्या चादरीची न विरलेली कड, असा त्यांचा साठा असे. तुकडे अगदीच लहान असले, तर ते गोधडीसारखे जोडत.

पिशवी परत येणे हीच या साऱ्यातील खरी अडचण आहे. घरातल्या घरात ते सोपे असते. पिशव्या धुऊन, इस्त्री करून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवता येतात. पण बाहेरच्या घरी दिलेली भेट? पाहुण्यांकडे पिशवी परत कशी मागायची? मावशींचे एक शेजारी एकदा सहज म्हणाले होते, की पिशवी परत मागणे म्हणजे भेटच अर्धी परत घेणे. ते मावशींना लागले होते. तेव्हापासून बाहेर द्यायच्या भेटीसाठी त्या पिशवीचाच काही उपयोग होईल अशा बेताने ती शिवत. बुद्धिबळाच्या सोंगट्यांसाठी, जेवणाच्या डब्यासाठी, प्रवासात चपला ठेवण्यासाठी. मग ती परत आली नाही तरी चालत असे. घरातल्या पिशव्यांवर त्या कोणाचेही नाव विणत नसत. नाव लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा नाडीला बांधत. नाव विणले, की पिशवी एकाच मुलाची होते आणि ते मूल मोठे झाले, की ती पडून राहते, असे त्यांचे म्हणणे होते. मला मात्र अजून वाटते, की एखादी पिशवी नावाची असायला हरकत नव्हती.

त्या वर्षी ईदला अम्मीने माझ्यासाठी हिरवा कुर्ता शिवला होता. त्यातले हातभर कापड आणि थोडा गोटा उरला होता. अम्मीने ते मावशींना दिले. मावशी म्हणाल्या, "हे मी नाही शिवणार. तूच शीव." मी शिवले. आधी धुतले, उजेडासमोर धरून पाहिले, उलटी टीप घातली. एक बाजू वाकडी झाली ती झालीच. त्या नाताळला त्या पिशवीत थोरल्या नातवाची कंपासपेटी होती. त्याने पिशवी आजीला परत दिली आणि शिवणीकडे पाहत विचारले, "ही कोणी शिवली?" मावशींनी माझ्याकडे बोट दाखवले.

आम्ही वसई सोडली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. थोरल्या नातवाला आता स्वतःची मुले आहेत. पेटी त्यांच्याकडे असते. हिरव्या पिशवीची नाडी दोनदा बदलली आणि गोटा काळा पडला, म्हणून काढून टाकला. कापड शाबूत आहे. गेल्या डिसेंबरात तिच्यात कॅरमच्या सोंगट्या होत्या, असे मला कळले.